फोटोतली उसनी साडी

ती सकाळ मला अजून जशीच्या तशी आठवते. ठाण्यात तक्रार घेऊन येणाऱ्या माणसाला निदान एवढं तरी ठाऊक असतं, की आपली तक्रार कुणाविरुद्ध आहे. त्या दिवशी आलेल्या बाईंना तेही ठाऊक नव्हतं. दिवाळी होऊन पंधरा-वीस दिवस झाले होते. हजेरी आटोपून मी चहा घेत होतो, तेवढ्यात ठाणे अंमलदार आत येऊन म्हणाला, "सर, बाहेर एक नवरा-बायको आलेत. गुन्हा काय घडला ते कळत नाही. बँकेनं घराचं कर्ज नाकारलं म्हणतात."

"मग बँकेत जा म्हणावं. आपण काय कर्ज वाटतो का?" मी म्हणालो.

हे माझंच उत्तर होतं, ते आधीच कबूल करून टाकतो. तेव्हा मी संभाजीनगरात जालना रोडच्या बाजूच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. चोऱ्या, मारामाऱ्या, कंपन्यांच्या गेटवरची भांडणं यातून वेळ मिळत नसे. पण अंमलदार तिथंच घुटमळत राहिला. बाई उठायला तयार नाही, म्हणाला. शेवटी त्यांना आत बोलावलं.

या लेखात मी कुणाचंच नाव लिहिणार नाही. त्या बाईंना ताई म्हणतो. ताई आणि त्यांचे यजमान मूळचे पाचोडकडचे. यजमान चिकलठाण्याच्या एका कंपनीत ठेकेदाराकडे पॅकिंगला होते, आणि ताई तिथल्याच औद्योगिक वसाहतीतल्या कामगारांना जेवणाचे डबे पुरवायच्या. सकाळी चाळीस, संध्याकाळी वीस. बारा वर्षं पत्र्याच्या दोन खोल्यांत काढून त्यांनी एका नव्या इमारतीत छोटा फ्लॅट नोंदवला होता. घर ताईंच्या नावावर घ्यायचं ठरलं होतं. कमाई त्यांचीच जास्त होती, आणि बाईच्या नावानं नोंदणी केली की मुद्रांक शुल्कात थोडी सूट मिळते, हे त्यांनी कुठूनतरी माहीत करून घेतलं होतं. बिल्डरनं दीड महिन्याची मुदत दिली होती. तोवर कर्जमंजुरीचं पत्र आलं नाही तर नोंदणी रद्द, आणि भरलेल्या पैशातून मोठी कपात.

बँकेनं अर्ज परत केला. कारण असं, की ताईंच्या नावावर आधीचीच दोन कर्जं थकलेली होती. एक महागड्या मोबाइलचं आणि दुसरं एसीचं.

"एसी?" मी विचारलं.

"साहेब, पत्र्याच्या खोलीत एसी कुठं टांगू म्या? भिंतीला खिळा ठोकला तर पलीकडच्याच्या घरात निघतो. मी रुपयाचं कर्ज घेतलं नाय."

यजमान माझ्याकडं बघत म्हणाले, "साहेब, हिलाच इचारा. बँकवाले कशापायी खोटं बोलतील? हिच्या भावाची लई वढाताण चालू हाय. तिकडं काय दिलं असंल, मला नाय माहीत."

ताईंनी नवऱ्याकडं एकदा पाहिलं. रडल्या नाहीत. मग त्या म्हणाल्या, "घर गेलं तर जाऊ द्या, साहेब. पुन्हा बघता येईल. पण हे कुणी केलं त्याचा छडा लावा. नाय तर हा माणूस जलमभर मला इचारत राहील."

त्या एका वाक्यानं माझं कुतूहल चाळवलं. ही बाई खोटं बोलत असेल तर फार हुशार असली पाहिजे, आणि खरं बोलत असेल तर बारा वर्षं एका घरात राहणाऱ्या माणसाच्या नजरेत तिला कुणीतरी चोर ठरवलं होतं. मी चहा बाजूला सारला आणि अर्ज लिहून घ्यायला सांगितलं.

थकीत कर्जं ज्या फायनान्स कंपनीची होती, तिला पत्र पाठवून आम्ही कागद मागवले. चार-पाच दिवसांनी फाइल आली. आधार कार्डाची प्रत, पॅन कार्डाची प्रत, दोन सह्या, अंगठ्याच्या ठशानं ओळख पटल्याची नोंद, एक रंगीत फोटो आणि एक मोबाइल नंबर. पहिले दोन हप्ते भरलेले, पुढं सगळं बंद. वसुलीवाले त्याच नंबरवर फोन लावत होते आणि तो नंबर कायम बंद होता. म्हणून ताईंना पत्ताच नव्हता.

मी ताईंना फोटो दाखवला. त्यांनी तो बराच वेळ न्याहाळला. म्हणाल्या, "हाय तर मीच. पण साडी माझी नाय."

"बाई, साडीचं राहू द्या. सही तुमची आहे का ते सांगा."

"सही माझ्यासारखीच हाय. पण साहेब, ही साडी..."

"साडीचं नंतर बघू," मी म्हणालो आणि त्यांना परत पाठवलं.

माझी अक्कल तिथं गहाण पडली होती. पुढचे आठ दिवस मी पोलीस पद्धतीनं तपास केला, म्हणजे माणसं पळवली. एकानं वसाहतीतली झेरॉक्सची दुकानं पालथी घातली, दुसऱ्यानं मोबाइलची. हाती काही लागलं नाही. फाइलीतला नंबर कुणाच्या नावावर आहे ते मात्र कळलं. ताईंच्याच वसाहतीत दोन गल्ल्या पलीकडं राहणाऱ्या एका मुस्लिम बाईंच्या नावावर. मला वाटलं, सापडली.

बाईमाणसाला जबाबासाठी ठाण्यात बोलावता येत नाही, म्हणून आमच्या महिला हवालदाराला घेऊन मीच त्यांच्या घरी गेलो. हवालदार बाई अजिंठ्याकडच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या. बोलणं कमी, कान मोठे. निघताना त्या मला म्हणाल्या, "सर, त्या ताईंना साडीचं पूर्ण बोलू द्यायला पाहिजे होतं."

"साडीनं काय होणार?"

"बाई दुसऱ्याची साडी नेसली तर तो दिवस विसरत नाही. मी त्यांना काल फोन करून विचारलं."

मला न विचारता तपास केला म्हणून रागवायचा माझा हक्क होता. पण उत्सुकता जास्त होती. "मग?"

"साडी त्यांच्या जावेची. जाऊ पाचोडहून संक्रांतीला आली होती. त्या दिवशी ताईंच्या अंगावर आमटीचं पातेलं कलंडलं. दुसरी साडी वाळत होती, म्हणून जावेची नेसल्या. जाऊ सारखी मागं, डाग पाडू नको म्हणून. तासाभरात काढून परत दिली. त्या तासात त्या एकाच ठिकाणी गेल्या होत्या. वसाहतीत एका घरी हळदीकुंकू होतं तिथं."

मी गाडीत जाऊन बसलो. आठ दिवस चार शिपाई फिरवून जे मिळालं नव्हतं, ते एका फोनवर मिळालं होतं.

त्या मुस्लिम बाईंचे यजमान गादीकाम करायचे. अंगणात कापूस पडलेला. पोलीस बघून बाई घाबरल्या, मग चिडल्या. "साहब, मेरे पास एकच फोन है, वो भी बटन का. दूसरा सिम मैं काहे को लूँगी?"

हवालदार बाईंनी त्यांना आधी पाणी प्यायला लावलं. इकडचं तिकडचं विचारलं. मग सहज म्हणाल्या, "खाला, पिछले संक्रांत को हळदीकुंकू था, वहाँ गए थे क्या?"

"गई थी ना. हमारे में नहीं होता, लेकिन भाभी ने घर आके बुलाया तो जाना पड़ता ना. तिळगूळ दिया, स्टील का डब्बा दिया. अच्छी है बेचारी."

"और अंगूठा?"

"वो छोटी मशीन पे लगाया ना. दवाखाने का कार्ड बनेगा बोले, मुफ्त में इलाज. फोटो निकाला, आधार-पॅन के झेरॉक्स पे दो जगह साइन लिया. भाभी का आदमी लिख रहा था सब."

"कार्ड आलं का?" मी विचारलं.

"कहाँ का कार्ड."

"मग दहा महिने विचारलं नाही?"

त्या माझ्याकडं बघतच राहिल्या. इतका साधा मुद्दा या माणसाला कळू नये याचं त्यांना नवल वाटत असावं. "डब्बा लिया था ना, साहब. फिर कैसे पूछना?"

हेच मी नंतर ताईंना विचारलं, तर त्याही तेच म्हणाल्या. ज्या घरी कुंकू लावून घेतलं, वाण घेतलं, त्या घरी जाऊन कार्ड कुठंय म्हणून भांडायचं कसं? लाज वाटते. इतक्या वर्षांत मी फसवणुकीच्या नाना तऱ्हा पाहिल्या. धमकी, लालूच, खोटी ओळख. पण वाण देऊन तोंड बंद करायची तऱ्हा मला नवीन होती, आणि खरं सांगायचं तर ती ज्यानं शोधली त्या माणसाला भेटायची मला घाई झाली होती.

तो माणूस, म्हणजे हळदीकुंकू करणाऱ्या बाईंचा नवरा, कर्जाचा एजंट होता आणि अडगळीत लपलेला नव्हता. जालना रोडला लागून त्याचं छोटं ऑफिस होतं. काचेचं दार, बाहेर पाटी, सगळ्या प्रकारची कर्जं मिळवून देऊ. सरळ पकडायला गेलो तर तो म्हणाला असता, मी फक्त कार्डाचे फॉर्म भरले, पुढचं मला काय माहीत. म्हणून आधी फायनान्स कंपनीकडून त्याच्यामार्फत आलेल्या सगळ्या फाइली मागवल्या. त्यातल्या नऊ त्याच वसाहतीतल्या बायकांच्या निघाल्या. वस्तू ज्या दुकानातून उचलल्या होत्या तिथल्या विक्रेत्याला उचललं. तो पहिल्याच चहाला फुटला. माल बिलावर एकीच्या नावानं निघायचा, आणि दुकानाच्या मागल्या दारानं कमी किमतीत रोख विकला जायचा. पैसे दोघांत वाटून.

याच दरम्यान ताईंकडून आणखी एक गोष्ट कळली. बँकेनं नाकारल्यावर, आमच्याकडं यायच्या आधी, त्या याच एजंटाकडं गेल्या होत्या. ओळखीचा, गल्लीतला माणूस, कर्ज मिळवून देणारा. त्यानं त्यांना पाणी दिलं, धीर दिला आणि सल्ला दिला, "ताई, तुमचं नाव काढून टाका. तुमच्या यजमानांच्या एकट्याच्या नावानं करू. फी द्या, मी बघतो." यजमानांना ते पटलंही होतं. ताईंनीच नाही म्हटलं.

मी त्याला ठाण्यात बोलावलं तेव्हा तो इस्त्रीचा शर्ट घालून, हातात फोल्डर घेऊन आला. मी त्याला समोर बसवलं, चहा मागवला आणि म्हणालो, "निवृत्ती जवळ आली. एखादं घर घ्यावं म्हणतो. हे गृहकर्जाचं जरा समजावून सांगा."

माणसाला त्याच्या धंद्यातलं विचारलं की तो खुलतो. तो उत्तम बोलला. पगाराची पावती नसेल तर बँक का नाही म्हणते, घरी येऊन प्रत्यक्ष कमाई बघणाऱ्या गृहकर्ज कंपन्या कोणत्या धर्तीवर चालतात, दर किती वाढतो, पुढं ते कर्ज बँकेकडं कसं नेता येतं. मी खरोखर वहीत लिहून घेतलं. त्यातलं बरंचसं मला आधी माहीत नव्हतं.

"आणि अर्ज बाईच्या नावानं केला तर?" मी विचारलं.

"नको, साहेब. मी बाईचं नाव पुढं ठेवतच नाही. झंझट असते."

मी नऊ फाइली टेबलावर ओळीनं मांडल्या. प्रत्येकीच्या पहिल्या पानावर एक बाई, मागं सगळीकडं एकच पडदा. "मग या नऊ जणींच्या नावानं कसं काय केलं?"

तो फाइलींकडं बघत राहिला. चहा तसाच राहिला. पाच मिनिटं आम्ही कुणीच बोललो नाही. चौकशीत शांत बसणं हे मारण्यापेक्षा कठीण काम आहे, आणि ते पुष्कळांना जमत नाही. शेवटी तो बोलला, आणि तेव्हा त्याचा इस्त्रीचा आवाज गेला होता.

"साहेब, वाटलं नव्हतं कुणाला कळंल. या बायकांचं नाव रेशन कार्डाच्या बाहेर कुठं जातं? घर नवऱ्याच्या नावावर, गाडी नवऱ्याच्या नावावर. कर्ज मागायला ही बाई स्वतः बँकेत जाईल, असं माझ्या मनातच आलं नाही. तिनं जर नवऱ्याच्या नावानं अर्ज केला असता ना..."

वाक्य त्यानं पूर्ण केलं नाही. करायची गरजही नव्हती. नऊ जणींतल्या आठ जणींना आपल्या नावावर कर्ज आहे हे आम्ही सांगितलं तेव्हा कळलं. सांगितलं नसतं तर मरेपर्यंत कळलं नसतं.

गुन्हा दाखल झाला, अटक झाली, पंचनाम्यात ती अंगठ्याची मशीन आणि बायकांच्या ठशांवर काढलेली चार सिमकार्डं मिळाली. त्याची बायको दुसऱ्या दिवशी ठाण्यात आली. तिला यातलं काहीही ठाऊक नव्हतं, याबद्दल माझी आजही खात्री आहे. ती एवढंच म्हणाली, "मी त्यांना कुंकवाला बोलावलं होतं, साहेब. आता माझ्या दारात कोण येईल?" मला वाईट वाटलं, एवढंच लिहू शकतो.

ताईंच्या यजमानांना मी मुद्दाम बोलावून फाइल दाखवली. ते खाली मान घालून म्हणाले, "चुकलं माझं." ताई म्हणाल्या, "मला सांगा ना, सायबाला काय सांगता?" मग ते बायकोकडं वळून पुन्हा तेच म्हणाले, जरा अवघडून. बाहेर अंमलदार हसू दाबत होता. मी त्याला कामाला लावलं.

घराचं काम मात्र तेवढ्यानं झालं नाही. बँकेचं म्हणणं सरळ होतं. नोंद दुरुस्त होऊन आल्याशिवाय अर्ज घेता येणार नाही. दुरुस्तीला दोन-तीन महिने लागणार आणि बिल्डरच्या मुदतीचे अठरा दिवस उरलेले. तेव्हा मला माझी वही आठवली. चोरानं सांगितलेली माहिती, पण खरी होती. मी त्यातलं पान हवालदार बाईंना दिलं, आणि त्या ताईंना घेऊन अशाच एका छोट्या गृहकर्ज कंपनीत गेल्या. सोबत गुन्ह्याच्या नोंदीची प्रत आणि कर्जाशी या बाईंचा संबंध नाही असं फायनान्स कंपनीचं पत्र.

तिथला अधिकारी दोन दिवसांनी ताईंच्या घरी आला आणि सकाळी सहापासून स्वयंपाकघराच्या दारात बसला. डबे मोजले. किराण्याच्या पावत्या पाहिल्या, सिलिंडर किती लागतात ते विचारलं. कंपनीच्या गेटवर जाऊन चार कामगारांना विचारलं, डबा किती वर्षांपासून घेता. मला हे ऐकून फार मजा वाटली, कारण हे आमचंच काम होतं. फरक इतकाच, की आम्ही माणूस खोटा कुठं आहे ते शोधतो आणि तो खरा किती आहे ते शोधत होता. व्याजदर बँकेपेक्षा जास्त होता. ताई म्हणाल्या, "असू द्या. येऊन पाह्यलं तरी." मुदत संपायला पाच दिवस असताना मंजुरीचं पत्र हाती आलं.

त्या तपासानंतर मी भेटेल त्याला सांगत सुटलो, आजही सांगतो. झेरॉक्सवर सही करताना ती कशासाठी दिली ते त्यावरच लिहा. अंगठा मशीनवर ठेवायच्या आधी काय होणार ते विचारा, मग समोर कुणीही असो. आणि वर्षातून एकदा आपल्या नावावर काय कर्ज दिसतं ते काढून बघा, बायकांनी तर नक्कीच. मी स्वतः शिकलो ते एवढंच, की साक्षीदार ज्या गोष्टीवर अडतो तिथं आपण थांबायचं. मी साडीवर थांबलो असतो तर आठ दिवस वाचले असते.

हे सगळं मी पुष्कळदा भाषणांत सांगितलं आहे. पुढचं कधी सांगितलं नाही.

ताईंच्या वास्तुशांतीला मी बायकोला घेऊन गेलो. दारावर ताईंच्या नावाची पाटी होती, एकट्या त्यांच्या. माझी बायको ती वाचत दारातच थांबली. मागून येणाऱ्यांना वाट द्यायचंही तिच्या लक्षात आलं नाही. आम्ही जेवलो, आहेर दिला, निघालो. घरी आल्यावर तिनं कुलूप उघडलं, चपला काढल्या आणि विचारलं, "आपल्या घराच्या कागदावर माझं नाव कुठं आहे का हो?"

एकतीस वर्षं मी लोकांना प्रश्न विचारत आलो होतो. उत्तर माहीत असलेला माणूस गप्प का बसतो, ते त्या दिवशी मला आतून कळलं. घर माझ्या नावावर होतं, गाडी माझ्या नावावर, ठेवी माझ्या नावावर. त्या एजंटानं माझ्या घरी येऊन तिचा अंगठा घेतला असता, तर त्याला कुणी कधी पकडलं नसतं.

घराच्या कागदावर तिचं नाव मी महिन्याभरात चढवलं. पण ते तिनं विचारल्यावर चढवलं, याची लाज वाटायची ती अजून वाटते.